घोडा दाबल्यावरचा काटा

आमच्या जावयाला एक खोड आहे. दुसऱ्याच्या घरात पाय ठेवला की आधी तिथली बटणं पिळतो. पंखा दिसला की पंख्याचं, टीव्ही दिसला की टीव्हीचं. कुणी विचारलंच तर म्हणतो, "सेटिंग करतोय." पाडव्याला आला तेव्हा माझ्या फ्रीजचं सेटिंग केलं. सकाळी दह्याचा दगड झाला होता. तो दगड त्याच्याच ताटात वाढावा असं लई वाटलं, पण जावयाला दगड वाढत नाहीत. दुसरं विरजण लावलं अन् गप बसले.

फ्रीजपर्यंत मी सोसलं. पण रंग फवारायच्या कॉम्प्रेसरची हवा कमीजास्त करायची चावी त्यानं पिळली, ते सोसण्यातलं नव्हतं. ती चावी म्हणजे आमच्या दुकानाची नाडी आहे.

मुरुम गावात एसटी स्टँडच्या मागं आमचं लोखंडी कपाटांचं दुकान. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, काढलेलं. ते गेल्याला नऊ वर्षं झाली. पत्रा कापायचं, वाकवायचं, वेल्डिंग करायचं माझा मुलगा योगीराज बघतो. रंग मी मारते. मारत होते म्हणायला पाहिजे. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण आकडे वाचता येतात अन् रंगाला अक्षरं लागत नाहीत. उमरग्यापासून माणसं येतात अन् म्हणतात, "कपाट कुणाचंबी चालंल, रंग रुद्रम्माचा पायजे."

औंदा डॉक्टरनं छातीचा फोटो काढला अन् म्हणाला, "आजी, आता रंगाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही." आजी म्हणाला म्हणून मी दुसऱ्या डॉक्टरकडं गेले. तोही तेच म्हणाला, फक्त काकू म्हणाला. म्हणून ऐकलं.

आता प्रश्न आला, खोलीची किल्ली कुणाच्या कमरेला?

एक होती सून शिवानी. आठ महिने माझ्याजवळ उभी राहून शिकली. रंग फडक्यातून गाळला, पुठ्ठे धरले, माझ्या शिव्या खाल्ल्या. हात चांगला आहे, पण तसं मी तिला कधी बोलले नाही. सुनेला चांगलं म्हटलं की दुसऱ्या दिवशी भाकरी जाड होते, अशी म्हण नाही, पण असायला पाहिजे.

दुसरा होता जावई, शंभुलिंग. भूमचा. पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपला होता, असं लग्न जमवताना सांगितलं होतं. पेंट शॉपलाच होता, खोटं नाही. आत जाणाऱ्याला डोक्याला घालायची टोपी द्यायचं काम होतं. ते काम सुटलं अन् तो माझ्या दीपमालाला घेऊन पाडव्याच्या सणाला आला, तो परत जायचं नाव काढीना. लेक रोज माझे पाय दाबता दाबता म्हणायची, "आई, रंगाची खोली ह्यांना दे. शिवानीला काय, स्वयंपाकघर हाय की."

शिवानी हे ऐकायची. भांडी जोरात आपटायची नाही, उलट एकेक हळूच ठेवायची. तेव्हा मला कळायचं की तिला किती लागलंय.

शेवटी मी चारचौघांत सांगून टाकलं: शरणबसप्पा शेटजींच्या नातीच्या लग्नाचं डाळिंबी कपाट आहे. शुक्रवारी पाचला त्यांचा टेम्पो येणार. जो कुणी ते आरशासारखं रंगवून देईल, किल्ली त्याची. पहिला मान जावयाचा. आता मान म्हटल्यावर द्यावा लागतो.

इथं थोडं हवेचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कॉम्प्रेसरला दोन काटे असतात. मोठा काटा टाकीचा. कणगीत किती धान्य आहे, तेवढंच तो सांगतो. बारका काटा चावीजवळचा. जात्यात किती पडतंय ते तो सांगतो. आपल्याला जात्याचं बघायचं. गाडीच्या चाकासारखी ही हवापण पौंडात मोजतात. अन् रंगाच्या गनचा घोडा दाबून, हवा वाहती असतानाच बारक्या काट्याचा आकडा बघायचा. घोडा सोडलेला असतो तेव्हा काटा उगीच वर चढून बसतो, बाजारच्या दिवशी पारावर बसलेल्या पुढाऱ्यासारखा. काम सांगितलं की खाली येतो.

मी शिवानीला आकडा शिकवलाच नव्हता आधी. पुठ्ठा शिकवला. घोडा दाबायचा, हवा थोडीच ठेवायची, पुठ्ठ्यावर मारायचं. थेंब मोहरीएवढे पडले तर हवा कमी. चावी जरा पिळायची. थेंब रव्यासारखे झाले, आणखी जरा. मैद्यासारखे झाले की हात काढायचा. त्याच्या पुढं गेलं की नुसता धूर. रंग वाटेतच सुकतो अन् कपाटावर भुकटी होऊन बसतो, अर्धा रंग गावाला जातो. मैदा झाल्यावर काट्याकडं बघितलं की आमच्या गनला चाळीसच्या आसपास दिसतात. पण आकडा शेवटी बघायचा, पाहुणा जेवून उठल्यावर त्याचं नाव विचारावं तसा.

आता शुक्रवार. योगीराज पत्रा आणायला उमरग्याला गेला होता.

सकाळी नऊला जावई रंगाच्या खोलीत गेला. अंगात कंपनीचा निळा कोट, डोक्याला कंपनीची टोपी. टोप्या भरपूर आणल्या होत्या. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. त्यानं चावी पिळली. पिळली, पिळली, पिळतच राहिला. बारका काटा नव्वदवर.

आता आमच्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. डोईवर पदर घ्यायचा अन् काय सांगायचं ते लेकीमार्फत सांगायचं. माझी सासू अशीच बोलायची, तिची सासू अशीच बोलायची. जावयाला "हे चुकलं" म्हणणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांना चुकलं म्हणणं.

मी दीपमालाला म्हणाले, "सांग तुझ्या नवऱ्याला, नव्वद पौंडावर ट्रकचं चाक भरतात, कपाट रंगवत न्हाईत."

दीपमाला दोन पावलं पुढं गेली. "अहो, आई म्हणतीय, हवा भरपूर हाय."

"असणारच," जावई म्हणाला. "पुण्यात शंभरवर चालायचं."

"म्हणावं, आधी पुठ्ठ्यावर मारून बघा."

"अहो, आई म्हणतीय, पुठ्ठा पायजे का?"

"पुठ्ठा? पॅकिंगचं नंतर बघू."

"दीपे," मी म्हणाले, "माझं बोलणं तू पोचवतीस का पाणी घालून वाढतीस?"

"आई, घरातल्या माणसाला कसं बोलायचं असतं तसं बोलतीय. तुझ्यासारखं बोलले असते तर ह्यांनी मला पहिल्या दिवाळीलाच माहेरी धाडलं असतं."

त्यानं घोडा दाबला. फणा काढल्यासारखा फुत्कार आला अन् खोली दिसेनाशी झाली. डाळिंबी ढग दारातून बाहेर आला. माझ्या चष्म्यावर, पायरीवर, पलीकडं वाळत घातलेल्या शेवयांवर. कपाटावर काय पोचत होतं ते महादेवाला ठाऊक. तो मात्र गन हलवत होता, आरती ओवाळल्यासारखी, अन् मधेच हात लांब करून चावी आणखी पिळत होता.

मला राहवलं नाही. आमच्या घरात मराठी अन् कानडी एकाच ताटात असते, पण राग आला की माझ्या तोंडून कानडीच येते. मी खुर्चीवरून उठले अन् ओरडले, "साकु! साकु! साकु!"

साकु म्हणजे पुरे. मुरुमचं शेंबडं पोरही सांगेल. पण जावई भूमचा. तिकडं कानडीचा वारा नाही. त्याला वाटलं, मी सखूला हाक मारतेय. आमच्याकडं झाडलोट करायला सखूबाई येते, ती मागं पत्र्याचे तुकडे गोळा करत होती. जावयानं सासूचा मान ठेवला. घोडा सोडला अन् माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला, "सखूबाई! ओ सखूबाई! आत्याबाई बोलावतायत, लवकर!"

सखूबाई खराटा घेऊनच धावत आली. मला विचारायची तिची पद्धत नाही. समोर घाण दिसली की झाडायची. खोलीत भुईवर रंगाची भुकटी पडलेली दिसली. "अगं बाई, किती हो हा पसारा!" म्हणत तिनं खराटा मारायला सुरुवात केली. ओल्या कपाटाशेजारी.

"साकु!" मी परत ओरडले.

"झाडतीय की, बाई! दोन हात हायेत मला!"

तेवढ्यात शिवानी पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून पळत आली. तिला शब्दही कळला होता अन् कशाबद्दल आहे तेही. तिनं कॉम्प्रेसर बंद केला, सखूबाईच्या हातातला खराटा धरला. पण धूळ उठायची ती उठली होती अन् बसायची तिथं बसली होती. कपाटाच्या दारावरून बोट फिरवलं तर किसणीवरून फिरवल्यासारखं लागलं. सखूबाईचे पांढरे केस डाळिंबी झाले होते. ती भिंतीवरच्या आरशात बघून म्हणाली, "मेंदीचे पैसे वाचले."

जावई शांत होता. त्यानं टोपी काढली, झटकली. "आत्याबाईंनी मधेच सखूबाईला बोलावलं नसतं तर फिनिशिंग आलं असतं," तो म्हणाला.

दीपमालानं माझ्याकडं बघितलं. "आई, खरंच, तू कशाला बोलावलंस?"

मी शिवानीकडं बघितलं.  तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं की अत्ती, म्हणजे सासूबाई, चूक तुमचीही आहे. मराठीत अन् सरळ त्याला सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? तिसरी शिकलेल्या बाईलाही ते वाचता आलं.

उन्हाळ्याचे दिवस, रंग लवकर सुकणारा. शिवानी पाण्याचा कागद, म्हणजे ओला पॉलिशपेपर, घेऊन घासायला बसली. तिनं एकटीनं अख्खं कपाट घासलं. बारा वाजले. जावई तोवर मोबाइलवर रंग मारायचे व्हिडिओ बघत होता, तेही आवाज मोठा करून. जेवताना शिवानीनं भाकरी वाढत त्याला स्वतःच सांगितलं, "दाजी, आपल्या गनला हवा चाळीस पौंड ठेवायची."

"मला माहिती आहे, वहिनी," तो म्हणाला. सकाळी माहीत नव्हतं, भाकरीबरोबर माहीत झालं.

जेवण झाल्यावर त्यानं सोलापूरहून मागवलेला नवा पाइप काढला. पिवळा, बारीक, गुंडाळी गुंडाळीचा, चांगला पन्नास फूट. आमचा जुना काळा पाइप जाड अन् आखूड, तो काढून कोपऱ्यात टाकला. चावी पिळली. काटा बरोबर चाळीसवर आला. इकडं तिकडं रेघभर नाही. त्यानं मोबाइलवर काट्याचा फोटोसुद्धा काढला.

"दाजी, घोडा दाबून बघा आकडा," शिवानी म्हणाली.

"वहिनी, आकडा बघायचा असतो, दाबायचा नसतो."

दीपमाला हसली. मी पदर तोंडात धरून बसले.

त्यानं घोडा दाबला. मी बसल्या जागेवरून बघितलं, काटा चाळीसवरून घसरला तो पंचविसाला जाऊन टेकला. अन् ते चावीजवळचे पंचवीस. पुढं पन्नास फूट बारीक नळीतून जाता जाता गनच्या तोंडाशी किती उरत असतील ते देवाला ठाऊक. फुस्स फुस्स करून मोहऱ्या पडायला लागल्या. कपाटाचं दार बघता बघता संत्र्याच्या सालीसारखं झालं. कुठं ओघळही आले. त्यानं घोडा सोडला, काट्याकडं बोट केलं. काटा परत चाळीसवर हजर.

"बघा! चाळीस आहे का नाही? म्हणजे रंगच खराब आहे. नाहीतर थिनर भेसळीचं. नाहीतर तुमच्या मुरुमची हवा दमट."

एप्रिल महिन्यात मुरुमची हवा दमट! आमच्या विहिरींना हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

"दीपे, म्हणावं..." मी सुरू केलं अन् थांबले. काय पोचणार होतं? माझ्या तोंडी चाळीस असायचे, तिच्या तोंडी पंचवीस व्हायचे अन् त्याच्या कानाशी नुसती फुस्स.

दोन वाजले होते. पाचला टेम्पो. जावई म्हणाला, जरा पाठ टेकतो, डोळ्यांत रंग गेलाय. दीपमाला त्याच्यासाठी पाण्याची पट्टी करायला गेली. दुकानात मी, शिवानी अन् ते साल लागलेलं कपाट.

"अत्ती," शिवानी म्हणाली, "पहिला मान झाला का?"

एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही. मी म्हणाले, "झाला."

तिनं पदर खोचला. परत पाण्याचा कागद, परत घासणं. ह्या वेळेला सखूबाईनंही दुसरा कागद धरला. "मी झाडलं, मीच घासते," म्हणाली. सव्वातीनला कपाट पुसून कोरडं झालं. शिवानीनं पिवळा पाइप काढला, जुना काळा लावला. भुईवर पाणी मारलं, धूळ दबायला. तोंडाला मास्क बांधला. मग एका हातानं गन पुठ्ठ्यासमोर धरून घोडा दाबला अन् दुसरा हात चावीवर.

मी उंबऱ्याशी गेले. डॉक्टरनं पाय ठेवायचा नाही म्हटलं होतं, मान घालायची नाही असं म्हटलं नव्हतं. पुठ्ठ्यावर मोहरी पडली. तिनं चावी अंगठ्याएवढी फिरवली. रवा. "आणखी जरा," असं माझ्या तोंडात आलं...

"अत्ती, दारातनं बाजूला व्हा," ती म्हणाली. मास्कमधून. "उजेड अडतोय."

नऊ वर्षांत त्या खोलीत मला बाजूला हो म्हणणारं कुणी जन्मलं नव्हतं. मी बाजूला झाले. भिंतीला टेकून ऐकत राहिले. फुत्कार नाही, फुस्स नाही. तवा नीट तापल्यावर पाण्याचा हबका मारला की येतो तसा एकसारखा आवाज. म्हणजे मैदा झाला होता. मी काट्याकडं बघितलंही नाही. तिनं बघितला असेल तर शेवटी.

पहिला हात, दहा मिनिटं, दुसरा हात. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, हात वळवताना घोडा सोडून. हे मी तिला कधी शिकवलं ते आठवत नाही. बघून घेतलं असेल. बघणाऱ्याचंच शिक्षण होतं.

पाचला टेम्पो आला. शरणबसप्पा शेटजी स्वतः आले होते. धान्याचे मोठे अडते, नातीचं लग्न, तोंडात पान. कपाट उन्हात उभं केलं होतं. शेटजी जवळ गेले, डोळे बारीक केले, मग कपाटाच्या दारात बघून डोक्यावरची टोपी सरळ केली. दोनदा. याच्या वर कपाटाला दाद नसते.

"कुणाचा हात म्हणायचा हा?" त्यांनी विचारलं. "रुद्रम्माक्का, तुम्हाला तर डॉक्टरनं बंद केलंय म्हणतात."

शिवानी आत गन धूत होती. तिच्या कोपरापर्यंत रंग होता. मी तोंड उघडायच्या आत जावई पुढं झाला. झोपून उठला होता, तोंड धुतलं होतं, निळा कोट घातला होता. कोटावर डाळिंबी शिंतोडेही होते, त्यामुळं शोभतही होतं.

"काय असतं शेटजी, सगळा हवेचा खेळ आहे," तो म्हणाला. "आम्ही चाळीसवर ठेवतो. कंपनी पद्धत. फोटो दाखवू?"

त्यानं मोबाइल काढला. काट्याचा फोटो दाखवला. शेटजी बघत राहिले. "व्वा," ते म्हणाले. "अक्का, नशीबवान हायसा. जावई हुशार मिळाला. मंग आता खोली ह्यांच्याकडंच का? न्हाय, पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न हाय. आणखी दोन कपाटं सांगायची तर कुणाला सांगायची?"

आतला पाण्याचा आवाज थांबला. शिवानीनं नळ बंद केला होता. दीपमालानं माझा दंड धरला अन् कानाशी म्हणाली, "आई, लोकांसमोर काही बोलू नको. तुझ्या लेकीची शपथ हाय."

चारचौघांत जावयाला खाली पाहायला लावणं म्हणजे आमच्यात खुनानंतरचं मोठं पाप. शेटजी उभे, टेम्पोचा ड्रायव्हर उभा, सखूबाई डाळिंबी डोकं घेऊन उभी. मी गप बसले असते तर सगळं गोड झालं असतं. किल्ली जावयाच्या कमरेला, लेक माझ्या दारात, सून चुलीपुढं, अन् पुढच्या महिन्यात शेटजींच्या घरी दोन संत्री.

मी दीपमालाचा हात काढला. डोईवरचा पदर मागं सारला, तीन पिढ्यांत कुणी सारला नव्हता तेवढा. अन् जावयाच्या डोळ्यांत बघून, मराठीत, त्याला कळेल अशा मराठीत बोलले:

"जावईबापू, कपाट शिवानीनं रंगवलं. दोनदा तुम्ही बिघडवलं, दोनदा तिनं घासलं. तुमचा फोटो खरा हाय, पण घोडा सोडलेला असतानाचा हाय. तुम्हीबी तसेच हायसा. काम नसतं तवा चाळीस, काम आलं की पंचवीस, अन् परत लोक बघायला लागले की चाळीस. तुम्हाला मी पाट मांडीन, पुरणपोळी वाढीन, धोतरजोडी देईन, त्यात काडीची कसर करणार न्हाय. पण गन देणार न्हाय. किल्ली शिवानीची. शिकायचं असंल तर सोमवारपासून तिच्यापुढं पुठ्ठा धरून उभं ऱ्हावा, अन् ती घोडा दाबंल तवा काट्याकडं बघा. अन् न्हाय पटलं, तर माझ्या फ्रीजचं बटण होतं तिथं आणून ठेवा अन् खुशाल भूमला जावा."